आर.जी.वरचा देव

आमच्या सोसायटीच्या मैदानाला कोणी मैदान म्हणत नाही, आर.जी. म्हणतात. अंबरनाथजवळ चिखलोलीला फ्लॅट बघायला आलो तेव्हा मी विचारलंसुद्धा, हे आर.जी. म्हणजे काय हो? बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीने भिंतीवरच्या नकाशातला हिरवा चौकोन दाखवला. रिक्रिएशन ग्राउंड. रहिवाशांना फिरायला, खेळायला, बसायला सोडलेली मोकळी जागा. ती सोडल्याशिवाय बिल्डिंगचा नकाशा पास होत नाही म्हणे. आमच्या ह्यांनी तो हिरवा चौकोन बघितला आणि म्हणाले, "घेऊन टाकू." किचन केवढं, पाणी किती वेळ, काही म्हणजे काही विचारलं नाही माणसाने.

त्यांचंही बरोबर होतं. आमचा सगळा संसार उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये झाला. खाली जीन्सचा कारखाना, वर आम्ही. दारातून पाय बाहेर टाकला की कापडाच्या गठ्ठ्यावर पडायचा. शेजारची सिंधी भाभी आणि मी गप्पा मारायचो त्या जिन्यात, मधून माल जायला लागला की एकीने वर सरकायचं, एकीने खाली. हे अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. रिटायर झालो की सकाळ-संध्याकाळ मोकळ्या जागेत चालणार, एवढं एकच मागणं होतं त्यांचं.

रिटायर झाले, नव्या घरात आलो, आणि पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. हळूहळू पाय थोडा आला, हात मात्र आलाच नाही, बोलणं जड झालं. उजवं पाऊल लोंबतं, म्हणून पोटरीपासून पट्ट्यांनी बांधलेला एक साचा आणि त्यावर मोठा बूट घालावा लागतो. तो चढवायला मी लागते, उतरवायलाही मीच. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला बजावून ठेवलं होतं, "काकू, रोज चालले पाहिजेत. सपाट जमिनीवर. बंद केलं तर जे आलंय तेही जाईल." आता आमच्या गेटबाहेर डंपर, रिक्षा आणि खड्डे. तिथे धडधाकट माणूस जीव मुठीत घेऊन चालतो. राहिलं फक्त आर.जी. रोज सकाळी हे कडेकडेने फेऱ्या मारायचे, काठी, बूट, मग चांगला पाय. मी लिंबाच्या झाडाखाली भाजी निवडत बसायचे. सरळ सांगते, मला त्या जागेत बाग नको होती, झोपाळा नको होता, कारंजं तर मुळीच नको होतं. माझा माणूस तिथे चालत होता आणि तो चालत राहायला हवा होता.

मग सेक्रेटरींनी दुसरी गाडी घेतली. पहिली खाली पार्किंगमध्ये होतीच, दुसरीला जागा नाही. एके सकाळी ती आर.जी.च्या कोपऱ्यात दिसली. मी म्हटलं, असेल पाहुण्याची. दोन-चार दिवसांत तिच्या शेजारी आणखी एक आली, मग आणखी. ह्यांची फेरी आखडत आखडत झाडाभोवती आली. मी सेक्रेटरींना गाठलं.

"काकू, तशीही ती जागा पडूनच असते," ते म्हणाले. "वापर कोण करतंय?"

माझं डोकंच फिरलं. "आमचे हे काय हवेत चालतात का?"

"एक माणूस म्हणजे वापर नाही हो काकू."

एक माणूस म्हणजे वापर नाही! मी तशीच रिक्षा करून नगरपालिकेत गेले. नगररचना विभागातल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं, मंजूर नकाशात आर.जी. दाखवलंय ना, मग ते सगळ्या रहिवाशांचं. तिथे गाड्या लावता येत नाहीत, कोणा एकाला ते देता येत नाही, आणि परवानगीशिवाय बांधकामही करता येत नाही. मी ती तीन वाक्यं रिक्षात घोकत घोकत आले आणि सोसायटीत धडाधड म्हणून दाखवली. सेक्रेटरी हसले. "नियम असतात हो काकू. सगळे पाळायला बसलो तर चिखलोलीत एक बिल्डिंग उभी राहणार नाही." आणि गाडी पुसत राहिले.

माझ्या मदतीला आल्या त्या तळमजल्यावरच्या काकी. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर. जमिनीच्या बदल्यात घरच्यांना फ्लॅट मिळाले. काकी अजूनही बाल्कनीला ओटाच म्हणतात आणि पार्किंगमध्ये उभ्या राहून इथे आमचं खळं होतं म्हणून सांगतात. मी जिन्यात धुसफुसत होते, तर म्हणाल्या, "काय बाय, तोंड का पारलंस?" मी सगळं ओकले. त्या म्हणाल्या, "आमचे बांधावचा देव हाय घरान. त्याला ठेवू तिथं. मंग बघू कोन गारी लावतं."

बांधावरचा देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड. शेताच्या बांधावर होता, बिल्डिंगचं काम निघालं तेव्हा काकींनी तो उचलून घरी आणला होता. आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. जिन्यात पिचकाऱ्या मारतात, लावा देवाच्या फोटोची टाइल. कोपऱ्यात कचरा टाकतात, ठेवा देव. मी मान डोलावली, का नाही डोलावणार? नगरपालिकेचा नियम सांगून गाडी इंचभर हलली नव्हती. मंगळवारी काकींनी झाडाखाली देव ठेवला, नारळ फोडला, आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक गाडी बाहेर! सेक्रेटरींनी स्वतः हात जोडले. मी आणि काकी टाळ्या देऊन हसलो. ह्यांनी दुसऱ्या दिवशी पूर्ण मैदानाची फेरी मारली आणि देवासमोर येऊन काठी टेकून उभे राहिले.

आमचं हसू फार टिकलं नाही. देव जमिनीवर बरा दिसत नाही म्हणून कोणीतरी चौथरा बांधला. चौथऱ्याभोवती गुळगुळीत फरशी आली. मग पत्र्याच्या शेडची वर्गणी सुरू झाली, आणि वर्गणीत सगळ्यात पुढे कोण? आमचे सेक्रेटरी. मैदानाच्या कुंपणाला नवीन गेट बसलं आणि गेटवर पाटी लागली, चप्पल-बूट बाहेर काढावेत.

त्या सकाळी बूट-साचा चढवून हे खाली गेले, मी मागून कुलूप लावत होते. खाली येऊन बघते तर हे गेटपाशीच उभे. पाटी वाचत होते. मला बघून म्हणाले, "बूट." तेवढंच. मी म्हटलं, तुम्ही चला हो आत, कोण काय म्हणतंय बघते! पण देवाच्या बाबतीत हे पहिल्यापासून हळवे. नाही गेले. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. घरात हॉलच्या भिंतीला धरून चालायचे आणि सोफ्याला अडकायचे. पाऊल पुन्हा फरपटायला लागलं. मला ते घासत जाण्याचा आवाज किचनमध्ये ऐकू यायचा. मी ठरवलं, बास. गाडी असो, देव असो, मी आता ऐकून घेणार नाही.

सभा रविवारी आर.जी.तच होती, शेडच्या मंजुरीसाठी. सेक्रेटरींनी प्रस्ताव मांडला आणि मी उभी राहिले. "परवानगीशिवाय बांधकाम नाही. हा नियम मी गाड्यांच्या वेळी सांगितला होता. शेडलाही तोच आहे. आणि ती पाटी आजच्या आज काढा."

झालं. एकच गलका. काकूंना देव नको झाला! गाड्या जायच्या होत्या तोवर देव चालला! एक जण म्हणाला, आता देव हलवला तर सोसायटीवर कोप होईल, तुम्ही जबाबदारी घेणार का? मी म्हटलं, "मी देवाच्या विरोधात नाही हो. माझा माणूस चालायचा राहिलाय, त्याची जबाबदारी कोण घेतंय ते आधी सांगा!" माझा आवाज फाटला. मी काकींकडे बघितलं, तर त्यांनी मान फिरवली. ते मात्र मला लागलं. सभेआधी मी त्यांना शेडला विरोध करणार म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांचंही काय चुकलं? त्यांचा देव इतक्या वर्षांनी आपल्या मातीत परत बसला होता.

एवढ्यात हे आले. घरातून गलका ऐकला असेल, माझा आवाज ऐकला असेल, एकटेच लिफ्टने खाली आले. गेटपाशी थांबले. पाटीकडे बघितलं आणि तिथेच कट्ट्यावर बसले, वाकून डाव्या हाताने बुटाचे पट्टे ओढायला लागले. आत यायचं होतं ना त्यांना माझ्यासाठी. पट्टा सुटेना. सगळी सभा बघत राहिली. मी माणसांतून वाट काढत निघाले, पण काकी जवळ होत्या.

काकी उठल्या. ह्यांच्यापाशी गेल्या आणि त्यांचा हात पट्ट्यावरून बाजूला केला. "नको काढू दादा. ऱ्हाऊ दे." मग गेटाबाहेर काढलेल्या स्वतःच्या स्लिपर पायात सरकवल्या, वळल्या आणि स्लिपरसकट चौथऱ्यावर चढल्या. कोणीतरी म्हणालं, काकी, चप्पल! काकी कडाडल्या, "माजे देवान सगले जन्मान चिखलाचं पाय बघितलेत. बैलाचं बी बघितलेत. त्याला कवा चप्पल लागली नाय, ना कवा छप्पर लागला नाय!" आणि त्यांनी पदर पसरला, देव उचलला आणि ओच्यात घेतला.

"काकी, कोप होईल हो," सेक्रेटरी म्हणाले.

"व्हईल त माजेव व्हईल. मी ठेवला, मीच नेतंय." जाता जाता माझ्यासमोर थांबल्या. डोळ्यांत पाणी होतं. "ओट्यावरना दिसंल त्याला मैदान," म्हणाल्या, "तू रडू नको बाय." रडत तर दोघीही होतो.

देव गेला, तशी शेडही बारगळली. पाटी मी स्वतः उतरवली. पण मला पुढचं दिसत होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी हे फेरी मारत होते आणि गेटात सेक्रेटरींच्या गाडीचं नाक आलं. हॉर्न वाजला. मी धावणार, तेवढ्यात काकींनी माझं मनगट धरलं. "थांब. चालू दे त्यांना."

हे नेमके गेटासमोर आले होते. त्यांनी गाडीकडे बघितलं. काठी टेकली, बूट पुढे टाकला, मग चांगला पाय. हॉर्न पुन्हा वाजला. वेग काही वाढला नाही, वाढवता येतच नव्हता. ते गाडीसमोरून पार होतात न होतात तोच काकी चालायला लागल्या, तशाच सावकाश, गाडीच्या अगदी पुढून. काकींच्या मागून मी. मग वरच्या मजल्यावरची एक सून कडेवर बाळ घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या मागे लागली. आम्ही वळून परत गेटापाशी येईपर्यंत आणखी दोघी-तिघी रांगेत होत्या. सेक्रेटरींनी काच खाली केली, पुन्हा वर केली. शेवटी गाडी मागे गेली.

हे थांबले. घाम आला होता, श्वास लागला होता. जड जिभेने विचारलं, "गेला?"

"गेला," मी म्हटलं. "बसता का जरा?"

त्यांनी मान हलवली आणि काठी पुढे टेकली.

"अजून एक फेरी," म्हणाले.