साखरपुड्याच्या हॉलमधला शेवटचा डाव

आमच्या संगमनेरात बुद्धिबळाची जिल्हा निवड स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. संघात बायकांना जागा एकच, आणि शेवटच्या फेरीत तिच्यासाठी आम्ही दोघी समोरासमोर: शेजारच्या अकोले तालुक्यातली एक कॉलेजातली मुलगी आणि पंचेचाळिशीची मी. ती अर्ध्या गुणाने पुढे. बरोबरी झाली तरी तिचं काम होत होतं, मला मात्र जिंकणंच भाग होतं.

पांढरी मोहरी माझ्याकडे आली. मी आपला जुना इटालियन डाव मांडला: राजासमोरचं प्यादं, घोडा, उंट. हल्लीच्या पोरी मोबाईलवर काय काय नवीन शिकून येतात. मला हाच येतो, पण पक्का येतो. तीन-साडेतीन तासांनी माझं एक प्यादं जास्त होतं आणि दोघींचा एकेक हत्ती उरला होता.

"काकू, बरोबरी?" तिने हळूच विचारलं.

काकू घरी. मी मानेनेच नाही म्हटलं.

बाकीचे डाव केव्हाच आटोपले होते. संध्याकाळी तिथे साखरपुडा होता. मंडपवाले आजूबाजूच्या खुर्च्या उचलू लागले. एकजण पंचांना म्हणाला, "सायेब, आमाला स्टेज लावायचंय. या बायांना निम्मं निम्मं करून टाका म्हनावं." पंचांनी त्याला बाहेर नेलं. मग नवरीची आई दारात येऊन उभी राहिली. "अजून किती वेळ हो?"

एरवी मी रिक्षात अंग चोरून बसणारी बाई. एवढी माणसं खोळंबलेली पाहून जीव खालीवर झाला. पण नाही उठणार म्हटलं, काय करायचं ते करा.

माझं प्यादं वजीर व्हायला एकच घर उरलं होतं, पण त्याच्यापुढे माझाच राजा अडकलेला. तो बाहेर काढला की ती हत्तीने शह देणार. मी घाई केली नाही. आधी माझा हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवला. मग राजा निघाला. तिने शहामागून शह दिले, शेवटी मी हत्ती मध्ये घातला आणि तिचे शह संपले. आता प्यादं वजीर होणार हे तिलाही दिसलं, तिने हार मानून हात पुढे केला. डोळे भरले होते पोरीचे. मला वाईट वाटलं, आणि आनंदही मावेना.

बाहेर आले तर नवऱ्याचा फोन. "अगं, आहेस कुठे? चहाची वेळ टळून गेली."

"जिंकले मी," म्हटलं. "संघात मीच. चहा तुम्ही टाका, दोन कप."