न ऐकलेलं गाऱ्हाणं

माझा दादा फुटबॉलचा कोच होता असं रत्नागिरीत सांगितलं की लोक "हो का? छान" म्हणतात आणि आंब्याचा भाव विचारतात. देशाचा चषक कोच म्हणून त्याच्याइतक्या वेळा कुणीच जिंकला नव्हता, पण इथे आपलं क्रिकेट आणि कबड्डी. मला याचा भारी राग यायचा, दादाला नाही.

त्याच्या बरोबरीला आला तो त्याचाच चेला. खेडचा पोरगा. दादाने त्याला मुंबईला नेला, स्वतःच्या घरी ठेवला, आधी खेळाडू केला, मग कोच. दोघांचे चषक सारखे झाले तेव्हा दादा हसून म्हणाला, "गाठलंन शिंच्याने मला." हसला, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

मग दादाचा घसा गेला. कॅन्सर. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक आणि त्यावर मलमलीचा रुमाल. ज्याच्या हाकेला मैदानाच्या पार टोकाचा खेळाडू वळायचा, तो माझ्याकडे राहायला आला आणि 'हो' म्हणायला टेबलावर नख आपटू लागला.

यंदा चेल्याचा संघ पुन्हा फायनलला पोचला. जिंकला असता तर दादा मागे पडणार होता. आदल्या दिवशी त्या खेडच्या पोराचा फोन आला, "सर, आशीर्वाद द्या." मी फोन दादासमोर धरला. दादाने बोट उचललं नाही. पलीकडे पोरगा ताटकळत होता. शेवटी मीच म्हटलं, "दिला रे, दिला."

फायनलच्याच दिवशी आमच्या बागेत राखण होती. भाट्ये गावाच्या पुढे आमची हापूसची बाग आहे. मोहोर धरला की भर दुपारी बारा वाजता तिथल्या राखणदार देवाला नारळ द्यायचा, घरातल्या थोरल्याने गाऱ्हाणं घालायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "होय महाराजा" म्हणायचं. एकदा म्हटलं की ते मागणं सगळ्या घराचं. दादा मुंबईला, म्हणून इतकी वर्षं मीच गाऱ्हाणं घालत आलो. यंदा बायको म्हणाली, "मान भावोजींचा आहे. बोलता येत नाही म्हणून काय झालं? देवाला ऐकू येतं."

आम्ही तिघं मागे उभे राहिलो. मी, बायको आणि बागेचा नेपाळी रखवालदार. पान हलत नव्हतं. एरवी बागेत समुद्र ऐकू येतो, तोही येईना. दादाचे ओठ हलू लागले. माझं गाऱ्हाणं चार वाक्यांत आटपतं, त्याचं संपेचना. तो थांबून आमच्याकडे बघायचा, आम्ही "होय महाराजा" म्हणायचो. सवयच ती. ओठ हलवताना त्याचा रुमाल नेहमी श्वासाने फुगतो. त्या दिवशी तो जरासुद्धा हलला नाही.

परतताना रखवालदाराने विचारलं, "साहेबांनी काय मागितलं?"

"आंबा मागितलान, आणखी काय मागणार?" मी खेकसलो.

संध्याकाळी मॅच लागली. पोराचा संघ एका गोलने पुढे होता. दुसऱ्या हाफमध्ये पडद्यावर पोरगा दिसला, रेषेवर उभा राहून ओरडत होता. मग तो ओरडायचा थांबला. म्हणजे तोंड उघडंच होतं, हात गळ्यावर होता, आणि त्याचा एकही खेळाडू वळून बघत नव्हता. मी दादाकडे पाहिलं. दादाचे ओठ हलत होते, पडद्यावरच्या पोराचे हलत होते तसेच. संघ हरला.

रात्री जेवायच्या आधी पोराच्या बायकोचा फोन आला. आवाज गेलाय, डॉक्टर म्हणतात घशात काहीच नाही. दादा समोरच बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता त्याने नारळ घेतला आणि मला मनगटाला धरून बागेत नेलं. आम्ही दोघंच होतो. नारळ फोडून त्याने ओठ हलवले. आता रुमाल फडफडत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "दादा, आधी मला कळू दे. काय मागतोयस?"

त्याने हात गळ्यावर ठेवला. पोराचा आवाज पोराला परत दे, की त्याचा आवाज मला दे? गळ्यावर हात ठेवून दोन्ही सांगता येतं. तो माझा सख्खा भाऊ, आणि मला त्याची भीती वाटली. तो पुन्हा पुन्हा गळा दाखवत राहिला. मी दात आवळून उभा राहिलो. "होय महाराजा" काही तोंडातून निघालं नाही. शेवटी त्याने हात खाली सोडला आणि माझ्या पुढे चालू लागला.

पावसाळ्याआधी दादा गेला. दहाव्याला पोरगा खेडहून आला, तोवरही मुकाच. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे फांदीवर बसून नुसते बघत होते. लोक मला म्हणाले, "त्यांची इच्छा काय राहिली ती बोल, म्हणजे शिवेल." मला ठाऊक असती तर बोललो नसतो का? घर सांभाळीन म्हटलं, बाग सांभाळीन म्हटलं, तोंडाला येईल ते कबूल केलं. ऊन चढत चाललं.

तेव्हा पोरगा पुढे झाला. पिंडासमोर वाकला, हात जोडले आणि ओठ हलवले. काय म्हणाला ते शेजारी उभा असून मला कळलं नाही. तो सरळ व्हायच्या आत कावळा खाली उतरला.