सहावं पाकीट

त्या मंगळवारी आत्याने चहा घेतला, कप धुऊन ओट्यावर पालथा घातला आणि ती खुर्चीत बसली. दहा वाजता मी हाक मारली. तिने ओ दिली नाही. डॉक्टर आले. त्यांनी वेळ लिहिली. गच्चीवरच्या खोलीतल्या कपाटात तेव्हा एक पाकीट उरलं होतं.

आत्याच्या हाती काहीही पडलं की ती आधी ते ताणून बघायची. मोजे घ्यायला गेलो की मोज्याची वरची पट्टी दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, ओढायची, दहापर्यंत मोजायची आणि सोडून द्यायची. मग पट्टी किती मागे आली हे डोळे बारीक करून पाहायची. वर्ध्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराने एकदा तिला हातच जोडले. ''मॅडम, घ्याचे हायेत का नुसते ओढाचे हायेत?'' आत्या शांतपणे म्हणाली, ''ओढलं तं कोणतंही रबर जाते हो. परत येते का, ते पाहा लागते.'' त्याने पुढे केलेल्या सहा जोडांतून तिने एक घेतला. नंतर नवा माल आला की तोच दुकानदार मला विचारायचा, ''आत्याबाई कधी येऊन राह्यल्या ओढाले?''

तीसेक वर्षं ती मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात होती. कंपनी घरगुती वापराच्या वस्तू करायची: बाळांचे तयार लंगोट, जखमेच्या पट्ट्या, भिंतीला चिकटणारे हुक, आणि पुढे पुढे पाकिटातला खाऊ. आमच्या नातेवाइकांना यातलं फक्त पहिलं लक्षात राहिलं. ''तुमची बहीण अजून लंगोटातच हाय का?'' असं माझ्या वडिलांना लग्नाच्या पंगतीत विचारलं जाई, आणि वडील मान खाली घालून वरण कालवत. आत्याला त्याचं काही वाटत नसे. लंगोटाच्या रबराचा वळ बाळाच्या मांडीवर उमटू नये म्हणून ती प्रत्येक नवी पट्टी आठवडाभर स्वतःच्या दंडावर बांधून हिंडली होती. ''बाळाले बोलता येत नाई, मले येते,'' एवढंच ती त्यावर सांगायची. तिच्या डाव्या दंडावर एक फिकट रेघ शेवटपर्यंत होती.

निवृत्त झाल्यावर ती वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या आमच्या घरी आली. वडील तोवर गेले होते. घरात आई आणि मी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो; घरात आधीच शांतता होती, तिच्या येण्याने ती वाढेल असं मला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने भिंतीवरचे सगळे खिळे उपटले. कॅलेंडर, घड्याळ, आरसा, किल्ल्यांची पाटी, सगळं तिने स्वतःच्या हातच्या फोमच्या चिकटपट्ट्यांवर लावलं आणि प्रत्येकाच्या बाजूला पेन्सिलीने तारीख घातली. कंपनीत पास झालेली पट्टी वर्ध्याच्या मे महिन्यात तग धरते का, हे तिला बघायचं होतं. धरत नव्हती. एका दुपारी बैठकीतला आरसा धाडकन खाली आला. आई धावत आली तर आत्या काचांच्या पलीकडे उभी राहून भिंतीवरच्या घड्याळात बघत होती. तिने आधी वेळ लिहिली, मग झाडू मागितला. आई म्हणाली, ''बाई, तुमाले भरल्या घरात काऊन प्रयोग सुचतात?'' आत्या म्हणाली, ''वहिनी, रिकाम्या घरात कोणी आरसा लावते का?''

लंगोट, चिकटपट्टी आणि खाऊ यांचा एकमेकांशी काय संबंध, असं मी तिला एकदा विचारलं. तिने मुरमुऱ्याचा एक दाणा नखाने फोडून माझ्यासमोर धरला. आत बारीक बारीक खोल्या होत्या. ''हा खायचा फोम आहे, बाबू. भिंत पातळ पाहिजे, पण फुटायला नको. हवा धरून ठेवायची, एवढाच माझा धंदा.'' कंपनीने तिला शेवटची काही वर्षं खाऊच्या विभागात टाकलं, तेव्हा सहकाऱ्यांना ती शिक्षा वाटली होती. तिला वाटली नाही.

घरी आलेल्या पाहुण्यांपुढे ती तीन वाट्या ठेवायची. दोन वाट्यांत एकच पदार्थ, तिसरीत जरासा वेगळा. वाट्यांवर तीन आकडी नंबर. वेगळी वाटी कोणती, ते चिठ्ठीवर लिहायचं. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, मध्ये पाण्याचा घोट घ्यायचा. ''छान आहे'' म्हणणाऱ्याला ती दुसऱ्यांदा बसवत नसे. ''छान हे तुझं मत झालं. तुझ्या जिभेले काय झालं ते सांग.'' या परीक्षेत टिकलो आम्ही तिघं: आई, मी आणि शेजारचे ढोले गुरुजी. गुरुजींनी चाळीस वर्षं पेपर तपासले होते. ते म्हणत, म्हातारपणी आपल्यालाच पेपर द्यावा लागेल हे ठाऊक नव्हतं.

केळझरच्या सुमनताई घरी आल्या तेव्हा याच वाट्या त्यांच्याही पुढे आल्या. त्या तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. ज्वारीचं पीठ दाबून फुलवणारं एक यंत्र गटाला मिळालं होतं. ''मॅडम, यंत्र भेटलं, पण वर्षभर त्याच्यावर कोंबड्याच बसून राह्यल्या,'' त्या म्हणाल्या. आता त्यातून नळ्या निघत होत्या. त्यांवर जवसाची चटणी भुरभुरून बायका गणपतीच्या देवळाबाहेर विकत, आणि त्या संध्याकाळपर्यंत संपत. पण वर्ध्याचा ठोक व्यापारी म्हणत होता, पाकिटावर सहा महिने छापून आणा, मग घेतो. नळ्या तर महिनाभरात खवट होत. देवळाबाहेरच्या विक्रीत बारा बायकांचं भागत नव्हतं.

आत्याने एक नळी मोडली, वास घेतला, चावली. ''जवस काढून टाका. मग सहा महिने मी टिकवून देते.''

सुमनताईंनी मोडलेल्या नळीचा उरलेला तुकडा उचलला. मग म्हणाल्या, ''जवस काढलं तं मंग आमचं काय उरलं त्याच्यात? तश्या नळ्या तं पानठेल्यावरही भेटतात.''

आत्या हसली. मुंबईला माझी आजी तिला जवसाची चटणी बाटलीत भरून पाठवायची. दीड महिन्यात तिला वास यायचा आणि आत्या ती तरीही संपवायची. ''बरं. जवसासकट,'' ती म्हणाली. ''सहा महिन्याचं मी आत्ता सांगत नाही. मोजून सांगीन.''

पुढचे काही महिने ती दर आठवड्याला केळझरला जात राहिली. पाकिटं भरून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली गेली. दुकानाचं गोदाम याहून गार नसतं, असं तिचं म्हणणं. दर महिन्याला एक पाकीट उघडायचं, ताज्या नळ्यांच्या दोन वाट्यांशेजारी त्याची एक वाटी ठेवायची. आम्हाला वेगळी वाटी ओळखता आली नाही, तर पाकीट पास.

तिसऱ्या पाकिटाच्या वेळी ती नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. हृदयाचं दुखणं होतं; गोळ्या त्याआधीच सुरू झाल्या होत्या. आठ दिवस खाटेवर पडल्या पडल्या तिने त्या पाकिटाचीच चौकशी केली होती. मी पहिली वाटी चाखली, दुसरी चाखली. तिसऱ्या वाटीतली नळी गिळल्यावर, अगदी शेवटी, घशाशी तेलरंगाचा वास आला. आमच्या ग्रंथालयाच्या खिडक्या रंगवल्या की चार दिवस येतो, तो. मी मान वर केली. ती उशीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी दुसऱ्या वाटीचा नंबर लिहिला. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आईचं आणि गुरुजींचं उत्तरही चुकलेलं निघालं. पाकीट पास झालं. आत्या त्या दिवशी दोन पोळ्या जेवली.

केळझरच्या बायकांनी पाकिटांवर तीन महिने छापलं आणि व्यापाऱ्याने चाचणी म्हणून थोडा माल घेतला. अडीच महिन्यांनी तो सगळा टेम्पोत घालून परत आला. सुमनताईंनी फोनवर सांगितलं, ''मॅडम, गाईपुढे टाकलं, तं गाईनंही तोंड फिरवलं.''

आत्याने मला गच्चीवर बोलावलं. ती कपाटासमोर स्टुलावर बसली होती.

''तिसऱ्या महिन्यात तुले कळलं होतं?''

मी हो म्हणालो.

''वहिनीले? गुरुजीले?''

तिघांचं एकाच वेळी चुकलं कसं, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं आणि त्यांनीही मला विचारलं नव्हतं.

ती रागावली नाही. स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ''मले वास येत नाई रे आता. गोळ्या सुरू झाल्यापासून. दवाखान्यात जायच्या आधीच गेलता. म्हणून तर तुमाले बसवलं.''

माझ्या दयेची किंमत बारा बायकांनी भरली होती, आणि जिच्यासाठी ती दया केली तिला ती नको होती. हे मी आज एवढं सरळ लिहू शकतो. तेव्हा मला फक्त पत्र्याचा ताप जाणवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर तीन वाट्या होत्या. ''बस,'' ती म्हणाली. पुन्हा त्या विषयावर ती एकदाही बोलली नाही. सुमनताईंना मात्र तिने स्वतः जाऊन सांगितलं की चूक आमच्या घरात झाली. कुणाची, ते सांगितलं नाही.

तिने सगळं पहिल्यापासून मांडलं. जवस अख्खं भाजायचं आणि पाकीट भरायच्या दिवशीच कुटायचं. तेल बदललं, पाकिटाचा कागद बदलला, चटणीत वाळवलेल्या कढीपत्त्याची पूड आली. सुमनताईंच्या बायका पहाटेच्या गारव्यात पाकिटं भरू लागल्या. दिवाळी झाल्यावर सहा पाकिटं कपाटात गेली, पाठीवर एक ते सहा आकडे. या वेळी चाखायला बसलो की ती बैठकीत थांबत नसे. आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची आणि मी चिठ्ठ्या नेऊन देईपर्यंत बाहेर यायची नाही. पहिलं पाकीट पास झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला आईने वेगळी वाटी ओळखली, पण गुरुजींना आणि मला जमलं नाही; तिघांत एकाचं बरोबर येणं आत्याने योगायोग धरला आणि तेही पास केलं. पाचव्याला तिघंही खरोखर चुकलो. आत्याने दाराआडून विचारलं, ''खरं?'' मी म्हणालो, ''खरं.'' पंधरा दिवसांनी तो मंगळवार आला.

तेरवीला सुमनताई गटातल्या सगळ्या बायकांना घेऊन आल्या. पाकिटाबद्दल एकीनेही विचारलं नाही. निघताना मीच म्हणालो, ''येत्या रविवारी सहावं उघडायचं आहे. ताजी पाकिटं घेऊन या.''

रविवारी नंबर घालायला कुणी नव्हतं, म्हणून ते काम सुमनताईंनी केलं. त्या आतल्या खोलीतून वाट्या घेऊन आल्या, टेबलावर ठेवल्या आणि परत आत जाऊन त्यांनी दार लोटलं. गुरुजी पाणी ओतून घेत पुटपुटले, ''एवढं झालं म्हणजे बाई सुटल्या.'' आई म्हणाली, ''बोलाचं नाई, गुरुजी.''

पहिल्या वाटीत ज्वारी, मीठ, जवस. दुसरीतही तेच. तिसऱ्या वाटीवर ४१७ लिहिलं होतं. नळी कुरकुरली, तिखट लागलं, जवस आलं. मी गिळलं आणि थांबलो. अगदी शेवटी, घशाशी, खूप लांबून, खिडक्यांचा रंग आला. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा एक नळी घेतली. पुन्हा आला. आम्ही तिघांनी पुन्हा दुसराच नंबर लिहिला असता तर पाकिटावर सहा महिने छापले गेले असते, व्यापाऱ्याने पोती उचलली असती आणि गावात सगळे म्हणाले असते की मॅडमनी करून दाखवलं. मी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. ४१७ लिहिलं आणि चिठ्ठी दुमडली.

सुमनताईंनी बाहेर येऊन चिठ्ठ्या उघडल्या. तिन्हींवर ४१७ होतं. आई पदराने डोळे पुसत होती. गुरुजी चष्मा काढून बसले होते. सुमनताईंनी वाटीतली एक नळी उचलली, चावली आणि बराच वेळ तोंडात धरली.

''वास येते,'' त्या म्हणाल्या. ''उलिसा, पण येते.'' मग चिठ्ठ्यांची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली. ''आमी पाचच छापू, भाऊ.''

व्यापारी कुरकुरला. आता थोडा थोडा माल घेतो, पण घेतो. मे महिन्यात किल्ल्यांची पाटी भिंतीवरून पडली, तेव्हा आईने आधी घड्याळात पाहिलं. मी भिंतीवर आत्याच्या तारखेखाली वेळ लिहिली.

जवसाच्या नळ्या केळझरच्या देवळाबाहेर आणि वर्ध्यातल्या काही दुकानांत मिळतात. पाकिटाच्या मागे छापलेलं असतं: पाकीट भरल्यापासून पाच महिने.