सासूबाईंना उटीला नेलं तेव्हा

साठ सालच्या आसपास मी लग्न होऊन बंगलोरला आले. हे एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मल्लेश्वरमच्या पलीकडे, यशवंतपूरच्या बाजूला, दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. घरात हे, मी आणि सासूबाई. पुढे मुलगी झाली आणि आम्ही चौघं झालो.

सासूबाईंना फार लवकर वैधव्य आलं होतं. पदरात एक मुलगा. त्यांनी पुण्यात एका वकिलांकडे स्वयंपाकाचं काम धरलं आणि त्यावर मुलाला शिकवलं. वकिलांचं कुटुंब दर उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचं आणि सोबत स्वयंपाकाला सासूबाईही जायच्या. हे मात्र वाईला मामांकडे असत. शाळेला सुट्टी लागली की आई डोंगरावर जाते, एवढं यांना लहानपणापासून ठाऊक. आई आणि सुट्टी या दोन गोष्टी यांना कधी एकत्र मिळाल्याच नाहीत. हे सगळं यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. बंगलोरमध्ये मात्र कुणाला माहीत नव्हतं. सासूबाई त्याविषयी बोलत नसत, म्हणून आम्हीही बोलत नसू.

एका रविवारी हे एका सहकाऱ्याच्या घरून आले ते वेगळ्याच तंद्रीत. तो सहकारी सहकुटुंब उटीच्या एका जुन्या इंग्रजी हॉटेलात राहून आला होता. खोलीत शेकोटी, सकाळी पलंगावर चहा, जेवायला पांढऱ्या चादरीची टेबलं. जेवता जेवता यांनी एकदम सांगून टाकलं, "आईला एकदा असं न्यायचं. देवाला वगैरे नको. आयतं खायचं आणि बसून राहायचं."

पगार बेताचा होता, त्यामुळे यांनी लगेच हिशेबी बेत काढला. गावी जायचं रेल्वेभाडं कारखान्याकडून मिळायचं. यशवंतपूरला गाडीत बसायचं, वाईला मामांकडे मुक्काम करायचा आणि तिथून वर महाबळेश्वरला एखाद्या चांगल्या हॉटेलात तीन दिवस. प्रवासाचा खर्च वाचला, की हॉटेल आवाक्यात येत होतं.

सासूबाई आमटी वाढत होत्या. त्यांनी पळी भांड्यात ठेवली. "मला नाही यायचं महाबळेश्वरला. तुम्ही दोघं जा."

"आई, तुझ्यासाठीच तर."

"मग मुळीच नको." एवढं बोलून त्या उठल्याच.

हे फार दुखावले. दोन-तीन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. मला वाटलं, खर्चाच्या भीतीने म्हणत असतील.

त्या शुक्रवारी मी त्यांना घेऊन बनशंकरीच्या देवळात गेले. तेव्हा ते गावाबाहेर होतं, भोवती शेतं आणि नारळाची झाडं. दर्शन झाल्यावर आम्ही सावलीत बसलो. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी धीर करून विचारलं, "आई, का नाही म्हणालात?"

त्यांनी मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "अगं, तिथला किराणावाला, भाजीवाली, पाणी तापवणारा माणूस, सगळे मला ओळखतात. वकिलांची स्वैपाकीणबाई म्हणून. मी त्यांच्यासमोर हॉटेलात टेबलावर बसले तर ते माझ्याकडेच बघत बसतील. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही." मग म्हणाल्या, "इतके उन्हाळे काढले मी तिथं, पण एकही पॉइंट बघितला नाही. मंडळी संध्याकाळी पॉइंटावर जायची आणि रात्रीच्या पानांची तयारी तेव्हाच असायची. मला हौस नाही असं नाही गं. कुणी ओळखत नसेल अशा ठिकाणी न्या."

घरी आल्यावर मी यांना जसंच्या तसं सांगितलं. यांनी हिशेबाचा कागद काढून त्यावरचं महाबळेश्वर खोडलं. मग म्हणाले, "उटी."

उटीला कारखान्याचं भाडं नव्हतं. आता खरं नियोजन सुरू झालं आणि त्यात शेजारच्या अक्का आल्या. अक्कांचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्या बंगलोरात राहिलेलं. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांची मराठी कानडीत भिजलेली असायची. "संक्रांत झाल्यावर जा की," त्या म्हणाल्या. "तेव्हा थंडी फार, म्हणून कुणी जात नाही. हॉटेलवाले भाडं स्वल्प कमी करतात. गरम कपड्याचं मी बघते, सरी?"

सरी म्हणजे ठीक, आणि ते सरीच ठरलं. थंडीच्या दिवसांत खरोखरच जवळजवळ निम्म्या भाड्यात खोली मिळत होती. आम्हाला रेडिओ घ्यायचा होता तो पुढे ढकलला. दिवाळीला फक्त मुलीला नवा फ्रॉक घेतला. म्हैसूरपर्यंत तिसऱ्या वर्गाने आणि पुढे बसने जायचं, दुपारचं जेवण हॉटेलात घ्यायचं नाही, त्यासाठी दशम्या आणि चटणी बरोबर न्यायची, असं ठरलं. मी लोकर आणून स्वेटर विणायला बसले. अक्कांनी ट्रंकेतून आपल्या सासऱ्यांचा काळा, गुडघ्याच्याही खाली येणारा लोकरी कोट काढून दिला. नऊवारीवर तो कोट घालून सासूबाई आमच्या अंगणात उभ्या राहिल्या, तेव्हा अक्का हसून हसून पायरीवरच बसल्या. सासूबाईही हसल्या, पण कोट काढायची घाई त्यांनी केली नाही.

एक शंका मला खात होती. "आई, तिथलं जेवण चालेल ना तुम्हाला?"

"कांदा-लसूण नको म्हणून सांगा. बाकी रांधणाऱ्याने हात धुतले असले म्हणजे झालं."

काट्या-चमच्यांची धास्ती आम्हालाच होती. एका रविवारी हे कारखान्याच्या भोजनगृहात पाहिलेलं मला शिकवायला बसले. सुरीने डोसा कापताना त्याचा तुकडा उडून मुलीच्या डोक्यावर पडला. सासूबाई म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. मी हाताने जेवणार."

जानेवारीच्या शेवटी आम्ही निघालो. बस जंगल ओलांडून घाट चढायला लागली तशी थंडी हाडांत शिरली. हॉटेल टेकडीच्या उतारावर होतं, लाल कौलांचं. दारात गणवेशातल्या माणसाने आमची दोरीने बांधलेली वळकटी उचलली, तेव्हा मला अगदी लाजल्यासारखं झालं. हेही उगाचच घसा खाकरत होते. सासूबाई मात्र त्या काळ्या कोटात सरळ आत गेल्या आणि शेकोटीजवळच्या खुर्चीत बसल्या.

रात्री जेवायला आम्ही कोपऱ्यातलं टेबल घेतलं. पगडी घातलेला वाढपी भात आणि भाजी वाढून गेला. सासूबाईंनी एक घास घेतला आणि त्याला परत बोलावलं. स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "भात गार आहे. गरम घेऊन या."

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. हे पुटपुटले, "आई, राहू दे ना."

वाढप्याला मराठीचं अक्षर येत नसावं, पण त्याने पान उचललं आणि थोड्या वेळाने वाफाळता भात आणला. सासूबाईंनी त्याला मान हलवून दाद दिली आणि पोटभर जेवल्या. खोलीत आल्यावर म्हणाल्या, "रागावलात का रे? भात गार आहे हे आतल्या माणसाला माहीत असतं. कुणी बोललं नाही तर तसाच पुढे जातो. मीही पाठवलाय कधी कधी." आणि स्वतःशीच हसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सी करून दोड्डबेट्टाच्या माथ्यावर गेलो. वर सगळं धुकं. दरी नाही, डोंगर नाही, एकमेकांची तोंडंसुद्धा धड दिसेनात. हे फार खट्टू झाले. एवढा खटाटोप करून आईला पहिला पॉइंट दाखवला, तो असा.

सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ त्या पांढऱ्या धुक्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे बघायला मंडळी रोज संध्याकाळी जायची होय?" आणि आम्हा तिघांनाही इतकं हसू आलं, की मुलगी आमच्याकडे बघून रडायला लागली.

तिसरा दिवस त्यांनी कुठेच जायचं नाही म्हणून सांगितलं. व्हरांड्यात ऊन आलं होतं. त्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. जपमाळ खोलीतच होती, आणि वाती वळायला घेतलेला कापूसही त्यांनी बाजूला ठेवून दिला. हे त्यांच्या शेजारी पायरीवर बसले होते. मायलेक काही फारसं बोलत नव्हते. मी मुलीला घेऊन बागेत फिरत होते आणि मधूनमधून त्यांच्याकडे बघत होते. यांचा चेहरा मला शाळकरी मुलासारखा दिसला.

परत आलो त्या दिवशी अक्का कोट न्यायला आल्या आणि सगळी हकिगत ऐकायला बसल्या. नळाचं गरम पाणी, शेकोटी, पलंगावरचा चहा, सगळं सांगून झालं. अक्का म्हणाल्या, "तुमच्या हातच्या साराची सर होती काय त्यांच्या जेवणाला?"

"कशी असेल?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, मी जन्मभर लोकांच्या घरी स्वयंपाक केलाय. पुण्याला, वकिलांकडे. या पोराला त्यावरच वाढवला."

आतल्या खोलीत हे वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज थांबला.

 अक्का खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "तरीच म्हटलं! मग मला ते सार एकदा शिकवा की. आमच्या घरी कुणाला जमत नाही."

दुसऱ्याच दिवशी सासूबाई अक्कांच्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि पुढे सणावाराला गल्लीतल्या बायका मोदकांची उकड विचारायला आमच्याकडे येऊ लागल्या. रेडिओ यायला आणखी वर्ष-दीड वर्ष लागलं. तसल्या हॉटेलात आम्ही पुन्हा कधी गेलो नाही. दुसरी मुलगी झाली, तिच्या मागे शाळा आल्या. सासूबाईंनीही परत कधी कुठे न्या म्हणून सांगितलं नाही. जेवायला बसल्यावर भात गार असला, की मात्र त्या मला सरळ सांगायच्या.