कडूबाईचं पाचवं नाव

परभणीच्या कचेरीच्या व्हरांड्यात चंद्रभानचं टेबल होतं. टेबल वकीलसाहेबांचं, बसायचा तो. दुपारी पक्षकार भाकरी खायला गेले की खणातून राज्यशास्त्राचं पुस्तक निघे. बी. ए.चं शेवटचं वर्ष, तेही नोकरी सांभाळून बाहेरून. साहेबांनी शब्द दिला होता, "पदवी आण, मग नुसता मुन्शी नाही राहायचास. कायद्याचं काम शिकवतो. दावे तयार करशील, साक्षी लिहून घेशील." गावच्या बौद्धवाड्यातलं पहिलंच पोरगं असं खुर्चीवर बसलेलं. आई बायनाबाई गावात दिवसभर एकटी. चुडाव्याला पॅसेंजरमधून उतरलं की घर कोसभर चालत.

अठ्ठ्याहत्तर साल. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला, गावोगाव दलितांची घरं जळाली. आता दिवाळी उलटून गेली होती, तरी चंद्रभान डब्यात शिरला की गप्पा थांबायच्या.

अशात गावची कडूबाई आली. जळालेल्या घरांपैकी एक तिचं. साहेबांनी सांगितलं, चंद्रभाननं तिचं प्रतिज्ञापत्र लिहिलं. अंगठ्याखाली ओळखणाऱ्याची सही लागते आणि साहेब तिला ओळखत नव्हते.

"दुसरा कुणी बघू का?" साहेबांनी हळूच विचारलं. "तुझं नाव-गाव कागदावर येईल."

दुसरं होतं कोण?

पलीकडे खांबाला टेकून सटवाजी विडी ओढत होता. बन्सीधर पाटलांचा कारभारी.

"चंद्रभान, परीक्षा कवा हाय रे?"

"मार्चात."

"वाच, लय वाच. म्हातारी एकटीच असती न्हाई घरी? काळजी करू नको. आमी हावोत की."

तो हसला.

अंगठ्याआधी कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा तिथला रिवाज. चंद्रभानचा आवाज खणखणीत. ऐकायला शेजारच्या टेबलावरचे मुन्शीही थांबत. घर जाळणाऱ्यांची नावं वाचता वाचता तो पाटलांच्या नावाशी आला आणि जीभ अलगद ते नाव ओलांडून पुढं गेली. कागदावर तर आहे ना, त्यानं मनाशी म्हटलं. नुसतं सटवाजीच्या कानावर जाणार नाही, एवढंच.

कडूबाईला अक्षर येत नव्हतं. ती डोळे मिटून, बोटं मोजत ऐकत होती.

"एक ऱ्हायलं, लेकरा."

"काय, मावशी?"

"नाव. म्या पाच सांगितले व्हते, तू चार वाचलेस. कागदात न्हाई का ते? मग आंगठा कशाला घ्यायलास?"

चंद्रभाननं कागद पुन्हा वरून धरला. पहिल्या ओळीपासून वाचला, पाचही नावं, बन्सीधर पाटलांचं जरा जास्तच सावकाश. कडूबाई म्हणाली, "आता खरं हाय." अंगठा उठला. खाली त्यानं स्वतःचं पुरतं नाव लिहिलं, वडिलांचं, गावाचं.

मान वर केली तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं. फाटकाबाहेर पाटलांची जीप सुरू झाली.

पॅसेंजरनं तो पोचेपर्यंत दिवस मावळत होता. दाराशी घागर, कळशी, पातेली, परातसुद्धा, सगळं पाण्यानं काठोकाठ भरून भिंतीला ओळीनं लावलेलं.

"सटवाजी येऊन गेला," बायनाबाई म्हणाली.

"काय म्हणला?"

"काय न्हाई. छप्पर किती सालाचं, इचारलं. तुराट्या लय वाळल्यात म्हनला."

चंद्रभाननं वर छपराकडं पाहिलं.

"बस आत," ती म्हणाली. "वाच. मार्च काय लांब हाय?"

आणि ती उंबऱ्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसली.