करिंथच्या राजाची आई

काल कपाट आवरताना देवदारी पेटीचा वास आला आणि लॉकडाऊनमधली नेदरलँड्समधल्या हार्लेमची एक सकाळ आठवली.

शाळा बंद होत्या. नऊ वर्षांची सई, माझी मुलगी, ती पेटी घेऊन लॅपटॉपसमोर शाळेच्या ऑनलाइन भाषणाची डचमध्ये तयारी करत होती. विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकलेली माझी आई म्हणाली, "मला मराठीत सांग की."

"आजी, किप्सेलोस प्राचीन ग्रीसमधल्या करिंथचा राजा झाला, त्याचं घराणं त्यानंच सुरू केलं. तो बाळ असताना त्याला मारायला माणसं आली, तेव्हा आईनं त्याला पेटीत लपवलं. ती लंगडायची, म्हणून तिच्या घराण्यातलं कोणी तिच्याशी लग्न करत नव्हतं."

आईनं पोळ्या लाटणाऱ्या माझ्या बायकोच्या पोलिओ झालेल्या पायाकडे पाहिलं. "बघ, लंगडी कोणीच करून घेत नाही. आम्ही करून घेतली."

लाटणं थांबलं. मी तिथेच होतो. आईचं मन राखायला मी हसलो.

त्या दिवसापासून सई आजीशी फक्त डच बोलली. आई मला विचारायची, "काय म्हणतेय रे ही?" मी काहीबाही सांगायचो. घर शांत ठेवतोय असं तेव्हा वाटायचं.

अखेर विमान मिळालं. दारात आईनं सईचा हात धरला. "जाताना तरी बोल गं."

सई डचमध्ये एक वाक्य बोलली.

"काय म्हणाली?"

"लवकर परत ये, म्हणाली."

ती म्हणाली होती, पुन्हा कधीच येऊ नकोस.

पुढच्या लाटेत आई गेली. तोवर ती पुण्यात शेजारणींना सांगत होती, नातीनं परत बोलावलंय.