सखूची ओळ

इतिहास फक्त लेखी पुराव्यावर उभा राहतो, असं मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. किन्हवलीजवळच्या आमच्या पाड्याचा इतिहास मात्र ओट्यावर बसून मिसरी लावत असे. त्याचं नाव जनाकाकी.

आमच्याकडे नवं घर झालं की चुलीचा पहिला विस्तव जुन्या घरातून मागून आणतात. अनवाणी जायचं आणि खापरात निखारे घेऊन परतायचं. कोणी कोणाचा विस्तव नेला, हे काकीला तोंडपाठ. एका चुलीची चाळीस घरं कशी झाली, ते ती बसल्या जागी बोट दाखवत सांगे. आता स्लॅब पडले, गॅस आले. तरी नव्या घरात जाण्याआधी लोक खापर घेऊन तिच्याच दारी येत. मी शहापूरच्या कचेरीत हेलपाटे घालून पाड्याचा इतिहास एका जाड वहीत उतरवला होता. ती वही मागायला कोणी वहाणा घालूनसुद्धा आलं नाही. काकीचा मला हेवा वाटे, आणि तो वाचन वाढवून कमी होत नसे.

पंचायतीने पाड्याच्या तोंडाशी इतिहासाचा फलक लावायचं ठरवलं, तेव्हा मी वही पुढे केली. पहिलं नाव माझ्या आजोबांचं. सर्वांत जुना कागद त्यांचाच. सरपंच म्हणाले, "काकीला विचारू."

"पयली चूल माझ्या सासूची, सखूची," काकी म्हणाली. "तुझा आजा विस्तव मागाया आला तो वहाणा घालून. सासूनं दिला नाय. दुसऱ्या दिवशी अनवाणी आला, मंग दिला."

"पण कागद आहे, काकी."

"असंल ना! शापूरला जायाची हौस त्यालाच. आमी हितं भात लावत व्हतो. कागदाला ऊब असते का रे, मास्तर?"

सगळे हसले. सखूचं नाव ठरलं. मजकूर रंगाऱ्याकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं शुद्धलेखन चांगलं. पहिल्या ओळीत मी आजोबांचं नाव घातलं, वडिलांच्या नावासह, आडनावासह. सरपंचांनी नारळ फोडला, फोटो निघाले. फलक कोणीच वाचला नाही.

दुपारी काकी काठी टेकत आली. तिला अक्षरओळख नव्हती. "वाच रे," म्हणाली.

"पाड्यातली पहिली चूल सखूबाईंची," मी फलकाकडे बघत वाचलं.

तिने पहिल्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "आमची सखू येवढी लांब?"

"मान दिलाय, काकी."

"बरं. मान दिलास, तर वहाणा काढ की मंग."

मी काढल्या. डांबर तापलेलं होतं. ती सावकाश घरी पोचेपर्यंत मी तसाच उभा होतो.

पुढल्या उन्हाळ्यात काकी गेली. तेरावं झाल्यावर मी रंगाऱ्याला बोलावून ती ओळ पुसून घेतली आणि सखूचं नाव घातलं. त्याला फारशी जागा लागली नाही. उरलेल्या जागेत पंचायतीने 'येथे कचरा टाकू नये' असं लिहून घेतलं.